वाऱ्याचा जॉबर

सन दोन हजार सहा. राजेशम जॉबर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. सोलापुरात छत्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढून ते सुटले, आणि कुंभारीच्या पलीकडं माळावर दोन गुंठ्यांत पत्र्याची एक खोली बांधून एकटेच राहायला गेले. वाऱ्यावर लाईट करणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लोक हसले. मीही हसलो. खोटं कशाला लिहू.

जॉबर कुणाला म्हणतात ते आधी सांगतो. विणकर चार-सहा माग सांभाळतो. एखादा अडला की तो हात वर करतो, आणि पाना घेऊन जो धावत येतो तो जॉबर. राजेशमअण्णांच्या हाताखाली चाळीस माग होते. मी सुतार. मागाची लाकडी कामं करायचो. शिक्षण चौथी, पण या हातांनी केलेली वस्तू परत आली नाही. एकदाच आली, तेही पुढं येईलच. आमची ओळख कारखान्यातली. पुढं मलाही कुंभारीच्या कामगार वसाहतीत घर मिळालं आणि माझ्या दारातून त्यांचा माळ दिसायला लागला.

अण्णा उंच, वाळके, मान थोडी पुढं काढून चालणारे. पायजम्याच्या नाडीत पाना खोचलेला. बोलणं ओरडून. समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा चार माग पलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. कारखान्याच्या माणसांची ती सवयच. तिथं शब्द ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातानं बोलायचो. दोन बोटं कातरीसारखी हलवली की धागा तुटला. तळहात आडवा फिरवला की पट्टा सुटला. मूठ छातीवर ठेवली की शेठ आला. अण्णा माळावर गेल्यावरही एकटे असताना हात हलवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा कुणाशी तरी भांडतोय.

सकाळी उठले की उजव्या हाताच्या बोटाला सुताचा वीतभर धागा गुंडाळून टोक मोकळं सोडायचे आणि हात वर धरून उभे राहायचे. धागा किती उठतो, कुणीकडं वळतो, थरथरतो का नुसताच ताणतो, हे बघून वारा ठरवायचे. त्यांच्या हिशोबात वाऱ्यालाही पाळ्या होत्या. सकाळची पहिली पाळी, चारनंतरची दुसरी. "आज पहिली पाळी सुट्टीवर हाय मिस्त्री," म्हणायचे, "दुसरीला येतंय बघा." आणि खरंच चारला वारं सुटायचं. वाऱ्यावर त्यांचा राग एकच. "कामाला लई चांगला. पण हजेरीला कच्चा."

हे खूळ कुठून आलं, तर त्या वर्षांत लाईट रोज जायची. कारखान्यात लाईट गेली की चाळीस माग एका दमात मरायचे. एवढ्या गोंगाटानंतर अशी शांतता व्हायची की छाती दडपायची. विणकर बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. अण्णा बसायचे नाहीत. मेलेल्या मागांच्या मधून फेऱ्या मारायचे. आणि घरी लक्ष्मीवहिनी जन्मभर चिमणीच्या उजेडात विड्या वळत आलेल्या. अण्णांनी त्यांना शब्द दिला होता की म्हातारपणी तुझ्या डोक्यावरचा दिवा कुणाच्या हातात राहणार नाही. वहिनी माळावर यायला तयार नव्हत्या. सात रस्त्याच्या मागं त्यांची मुलगी सुजाता दोन खोल्यांत राहायची, त्या तिच्याकडं राहिल्या. म्हणाल्या, तुमचा दिवा सलग आठ दिवस जळाला की सांगा. मी येते.

एवढंच अण्णांचं काम होतं. बाकी त्यांना काही नको होतं. त्या बाईनं येऊन राहावं.

पहिली चक्की उभी केली ती जुन्या बोअरच्या पाइपावर. वर मोडीत काढलेल्या ट्रकचा डायनमो, मागाचा पट्टा, पत्र्याची शेपटी, खाली खोलीत त्याच ट्रकची बॅटरी. चार पाती लाकडाची, ती माझ्याकडं आली. आता मागाची लाकडी वस्तू करायची म्हणजे डावी-उजवी अशी जोडीनंच करायची. एक डाव्या अंगाला बसते, एक उजव्या. तीस वर्षं माझा हात तसाच चाललेला. मी चार पाती केली. दोन डावी, दोन उजवी. घासून, तेल लावून, आरशासारखी.

रविवारी ती बसवली. वसाहतीतली पन्नासेक माणसं बघायला आलेली. वहिनी सुजाताबरोबर रिक्षानं आलेल्या, सावलीला उभ्या. वारं धो धो. आणि चक्की जागची हलेना. दोन पाती इकडं ओढायची, दोन तिकडं. नुसती थरथरत उभी. एक रिक्षावाला म्हणाला, "जॉबर, पंखा माहेरी जाऊ का सासरी म्हणतोय बघा." सगळा माळ हसला.

अण्णांनी शिडीवर चढून एकेका पात्यावरून तळहात फिरवला. मी खाली उभा. माझ्या लक्षात आलं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. अण्णा खाली उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "मीच मिस्त्रीला उलटं सांगितलं. चूक माझी." वहिनी रिक्षात बसून निघून गेल्या. माणसं पांगली तशी मी म्हणालो, अण्णा, तुम्ही कशाला अंगावर घेतलं? तर म्हणाले, "तुमाला अजून लोकांचं काम घ्यायचंय. मला काय, मी येडा हायच." नवी चार पाती मी आठ दिवसांत करून दिली, सगळी एका हाताची. त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही.

पुढं चक्की फिरली. लाईट लागली, गेली, परत लागली. एकदा वळवाच्या वाऱ्यात सगळंच उडून शेजारच्या रानात पडलं. त्यानंतर शेपटीला दोरी आली. जोराचं वारं येणार असलं की दोरीनं शेपटी ओढून चक्कीचं तोंड वाऱ्यातून फिरवायचं आणि दोरी खुंटीला बांधायची. हे काम माणसाचं. म्हणजे माणूस तिथं पाहिजे. आज, उद्या, रोज.

दोन हजार आठच्या आषाढात दिवा सलग आठ दिवस जळाला. सगळी कुंभारी अंधारात आणि माळावर एक पिवळा ठिपका. नवव्या दिवशी वहिनी आल्या. लोखंडी खाट, गादी, विड्यांचं सूप, सगळं घेऊन आल्या. अण्णांनी त्या दिवशी दाढी केली होती. मी गेलो तर वहिनी दिव्याखाली पानं कातरत बसल्या होत्या आणि अण्णा दाराबाहेर पाठमोरे बसले होते, आपण काही विशेष केलं नाही असे.

पाचव्या दिवशी वहिनींनी सामान बांधलं. खाट राहू दिली. ती दोघं आपसांत तेलुगू बोलायची, मला ती कामापुरती कळते. वहिनी म्हणाल्या, पाच दिवस डोळ्याला डोळा नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मागांच्या आवाजात झोपले. पुढं माग, मागं माग, वर माग. वाटलं, माळावर तरी शांत असेल.

अण्णांनी विचारलं, "कसला आवाज?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मीही बघत राहिलो. कारण आवाज होता. पट्ट्याचा जोड कप्पीवरून जाताना टाकटाक करायचा. पाती शीळ घालायची. पाइप खोलीच्या भिंतीला आवळलेला, त्यामुळं सगळं पत्र्याचं छप्पर भोवऱ्यासारखं घुमायचं. मी दोन वर्षं तो आवाज ऐकत होतो आणि एकदाही बोललो नव्हतो. आम्हा मागवाल्यांना आवाज हा दोष वाटतच नाही. आवाज म्हणजे काम चालू आहे, संध्याकाळी चूल पेटणार आहे. आणि अण्णांना तो ऐकूच येत नव्हता. छत्तीस वर्षं चाळीस मागांत उभं राहून त्यांचे कान गेले होते, आणि हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. बायकोसाठी बांधलेलं यंत्र त्यांनी तिच्या उशाशी आणून ठेवलं होतं.

मी सांगितलं, "अण्णा, आवाज हाय. लई हाय."

ते उठले. पाइपाला कान लावला. मान हलवली. मग तळहात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. म्हणाले, "व्हय. हाताला लागतंय."

वहिनी दुपारच्या बसनं गेल्या.

त्या दिवसापासून अण्णांचं काम बदललं. लोकांना वाटायचं, म्हातारा लाईटच्या मागं आहे. म्हातारा आवाजाच्या मागं होता. स्वतःच्या कानावर भरवसा नाही, म्हणून दुसऱ्यांचे कान लागायचे. माळावर जो येईल त्याला आधी त्या लोखंडी खाटेवर निजवायचे. दूधवाला, पोस्टमन, ट्रॅक्टरवाला, वीज ऑफिसचा माणूस. "आडवं व्हा. डोळे मिटा. काय ऐकू येतंय सांगा." बाई असली तर स्वतः लांब दगडावर जाऊन बसायचे आणि तिथून ओरडून विचारायचे. एकदा सोलापुरातले एक इंजिनिअर साहेब आले. त्यांनी विचारलं, किती वॅट निघते? अण्णा म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. आवाज किती निघतो सांगा." साहेब खाटेवर आडवे झाले आणि झोपून गेले. अण्णा तासभर दारात उभे. साहेब उठून लाजले, तर अण्णांना आनंद झालेला. पण साहेब म्हणाले, मी काल रात्रपाळी केली होती. अण्णांचं तोंड पडलं. म्हणाले, मग धरता येत न्हाय.

आधी पट्ट्याचा लोखंडी जोड काढून चामड्याची शिवण घातली. मग पाइप भिंतीपासून सोडवून तीस पावलं लांब नेला. खड्डा एकट्यानं खणला, मुरमाड जमिनीत, महिनाभर. मग पात्यांची शीळ. त्यासाठी मी अकरा संच केले. टोक गोल, टोक निमुळतं, कड पातळ, कड आणखी पातळ. दर वेळी ते हात फिरवायचे आणि म्हणायचे, बघू. वाऱ्यात लावायचे, कुणाला तरी खाटेवर निजवायचे. कमी झालाय म्हणायचा माणूस. अण्णा विचारायचे, गेला का? नाही, गेला नाही. मग बारावा विचार सुरू.

या सगळ्यात माणूस एकटा पडत गेला. भारनियमनाच्या दिवसांत वसाहतीतली पोरंसोरं, बाया मोबाईल भरायला त्यांच्याकडं न्यायच्या. बॅटरीला लावून ठेवून जायच्या, भरला की घेऊन जायच्या. माणूस थांबायचा नाही. ओरडून कोण बोलणार, आणि खाटेवर कितीदा निजणार. पुढं लाईट नीट राहायला लागली तसं तेही बंद झालं. लांब डोंगरांवर कंपन्यांच्या मोठ्या पांढऱ्या चक्क्या उभ्या राहिल्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो, अण्णा, तुमचं खरं झालं की. ते म्हणाले, "तितं निजतंय कोण?"

सोलापूरला ते वारा सुट्टीवर असेल त्याच दिवशी जायचे आणि शेवटच्या बसनं परत. सुजाताच्या मुलीचं बारसं होतं. मंडपात अण्णांना पहिल्या पंगतीत बसवलं. मी शेजारी. त्यांचं लक्ष ताटात नव्हतं, मंडपाच्या कापडावर होतं. भात वाढला आणि कापड एकदा फुगलं. अण्णा ताटावरून उठले. सुजाता बापाचा हात धरायला आली, "नाना, एक घास तरी." त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्टँडकडं चालायला लागले. वहिनी वाढत होत्या. त्यांनी बघितलं, आणि पुढच्या ताटात वाढायला वाकल्या.

मी चिडलो होतो. दुसऱ्या दिवशी माळावर जाऊन बोललो. बायको पाहिजे म्हणता आणि बायकोच्या दारातून उठून येता. अण्णा म्हणाले, चक्की मोडली तर ती येणार कुटं? याला उत्तर नव्हतं. म्हणजे मला तेव्हा सुचलं नाही.

बार्शीच्या एका कॉलेजनं सत्काराला बोलावलं होतं, ते सांगतो. आम्ही दोघं एसटीनं गेलो. प्राध्यापकांनी भाषण केलं की या भागात वाऱ्यापासून वीज करणारा पहिला माणूस हाच, सरकारची मदत नाही, पुस्तक नाही. सगळं खरं होतं. शाल घातली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोला म्हणाले. अण्णा माइकसमोरही ओरडूनच बोलले. "तुमच्यात कान कुणाचे चांगले हायत?" पोरं हसली. पाच-सात हात वर झाले. अण्णा म्हणाले, "तुमी कुंभारीला या. माझी खाट हाय, तिच्यावर निजा आणि मला खरं सांगा." आणि खाली येऊन बसले. सगळं सभागृह हसत टाळ्या वाजवत होतं. अण्णा माझ्याकडं वळून हातानंच विचारत होते, काय झालं? कुणी आलं नाही. शालीच्या त्यांनी पट्ट्या कापल्या आणि डायनमोच्या पट्टीखाली आवाज मारायला घातल्या. नारळ मला दिला.

डायनमोही गेला पुढं. सोलापुरात विजेच्या मोटारींना तार भरणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात बिनवाऱ्याच्या दिवशी जाऊन बसून अण्णांनी चुंबकांचं नवं यंत्र करून घेतलं, सावकाश फिरून चालणारं. पट्टाच गेला. पाती लांब आणि रुंद झाली, संथ फिरायला लागली. हे दोन हजार बावीस साल. अण्णा चौऱ्याहत्तरचे, शिडीवर चढताना दोन ठिकाणी थांबायचे. आषाढात एक दिवस मला खाटेवर निजवलं. मी डोळे मिटले. बाहेर वारं होतं, गवत हलत होतं, पाल चुकचुकली. चक्की ऐकू येईना. मी उठून बाहेर आलो, थांबली का बघायला. फिरत होती. आत जाऊन परत आडवा झालो. मग सांगितलं, "अण्णा, न्हाय."

ते म्हणाले, माझ्या मनासाठी बोलू नका. मी म्हणालो, मी कुणाच्या मनासाठी कधी बोललोय? हे त्यांना पटलं.

अण्णांनी निरोप धाडला, आणि शनिवारी संध्याकाळी सुजाता वहिनींना घेऊन रिक्षानं आली आणि सोडून गेली. चौदा वर्षांनी वहिनी त्या खोलीत आल्या. केस पांढरे, गुडघे धरून चालत. दिव्याकडं बघितलं, खाटेवर हात फिरवला, आडव्या झाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं. अण्णा उंबऱ्यात बसले. मी थोडा वेळ थांबून घरी आलो. माझ्या दारातून दिवा दिसत होता.

रविवारी सकाळी गेलो तर वहिनी चूळ भरत होत्या. चेहरा झोपून उठलेल्या माणसाचा. म्हणाल्या, गाढ झोप लागली भाऊजी, कसलाच आवाज नाही. अण्णा चहा करत होते. चहा पिऊन वहिनी म्हणाल्या, नऊची बस आहे ना? आणि पिशवी उचलली.

अण्णांना वाटलं असावं की आपल्याला ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातानं सांगितलं. जातायत.

स्टॉपपर्यंत मी पिशवी धरली होती. अण्णा चार पावलं मागं. बस यायला वेळ होता. वहिनी कधी नव्हे ते त्यांच्याशी मराठीत बोलल्या. मीही ऐकावं म्हणून असेल. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"आवाज गेला, खरं हाय. पण चौदा वर्षांत माझं सगळं तितं झालंय. शेजारणी तितं, देऊळ तितं, नात तितं. तुमी लई येळा म्हणालात, तू ये. मी तुझ्याकडं येऊ का, असं एकदा तरी विचारलंत?"

बस आली. वहिनी चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि बस गेली. अण्णा रस्त्यावर उभे राहिले. मी म्हणालो, चला. ते माळाकडं चालायला लागले, मी माझ्या घराकडं. दिवसभर मी तिकडं गेलो नाही. कशाला जाऊ?

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, वारं असं सुटलं होतं की दारातला पाटा सोडला तर सगळं उडत होतं. मी माळाकडं बघितलं. चक्कीचं तोंड वाऱ्यातून फिरवलेलं होतं, पाती उभीच. मी काठी घेऊन निघालो. निम्म्या वाटेत अण्णा समोरून आले. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, खांद्याला वळकटी. माझ्यापाशी थांबले नाहीत, मी वळून मागोमाग गेलो. स्टॉपवर बस उभीच होती. वळकटी आधी आत सारली, दांड्याला धरून वर चढले, आणि कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाले, "सात रस्ता. एकच. परतीचं नको."